जागच्या जागी

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तकगाडी आहे आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकते की मी दमले आहे. तुम्ही वाचनालयात जाता, वाचलेले पुस्तक टेबलावर ठेवता आणि निघून जाता. ते पुस्तक पुन्हा आपल्या कपाटात कसे पोहोचते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. ते माझ्या पाठीवरून पोहोचते. मला कुणी ट्रॉली म्हणतात, कुणी ढकलगाडी म्हणतात, आणि शिपाईमामा वैतागले की 'ही बया' म्हणतात. मी कशालाही ओ देते. या वयात नावावरून भांडायची ताकद उरलेली नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे माझ्याआधी दवाखान्याच्या गाड्या बनल्या आणि माझ्यानंतर कचऱ्याचे डबे, त्यामुळे घराण्याचा मोठेपणा सांगायची सोय नाही. मला तीन फळ्या आहेत. त्या थोड्या मागे कललेल्या आहेत, म्हणजे पुस्तके घसरत नाहीत आणि त्यांच्या पाठीवरचे आकडे उभ्या माणसाला वाचता येतात. मला जोडणाऱ्या कारागिराने तीन चाके अगदी घट्ट बसवली. चौथे बसवताना त्याची जेवणाची सुट्टी झाली. तेव्हापासून मला कितीही सरळ ढकलले तरी मी किंचित डावीकडे जाते. हिरवा रंग मात्र त्याने मन लावून दिला होता, हे मी विसरलेले नाही.

मला जिथे आणले ते साधे वाचनालय नव्हते. ते एका प्रशिक्षण महाविद्यालयाचे वाचनालय होते. तिथे दोन प्रकारची माणसे शिकत असत. काहींना पुढे ग्रंथपाल व्हायचे होते आणि काहींना शाळेत शिक्षक. शिकाऊ ग्रंथपाल मला ढकलत, शिकाऊ शिक्षक मला धडकत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीवर पुस्तकांचा ढीग असे. जाडजूड कोश, फाटक्या गोष्टी, कुणाच्या तरी चहाचे डाग पडलेली गणिते. संध्याकाळी शिपाईमामा मला भिंतीला लावून "झालं बाई एकदाचं" म्हणत, आणि ते स्वतःला म्हणत की मला, हे मला कधी कळले नाही. आम्ही दोघेही तितकेच दमलेले असायचो.

माझे एकदा कौतुकही झाले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी बोलता बोलता माझ्यावर कोपर टेकवले आणि म्हणाले, "मजबूत आहे." माझा ऊर भरून आला. नंतर शिपाईमामा म्हणाले की साहेब इमारतीबद्दल बोलत होते. म्हणू देत बापडे.

मग संगणकाची खोली झाली. तिला पडदे आले, पंखे आले, दाराबाहेर चपला काढायचा नियम आला. माझ्या पाठीवरचा ढीग हळूहळू कमी झाला. मला वाटले होते की जरा विश्रांती मिळेल, पण मला मिळाली अडगळ. माझ्यावर मोडक्या खुर्च्या ठेवल्या, ओल्या छत्र्या ठेवल्या, चहाची किटली ठेवली. एका उन्हाळ्यात तर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवले. पुस्तके वाहताना कंबर मोडायची, पण तेव्हा मी कशासाठी दमते आहे ते तरी ठाऊक होते. नुसते उभे राहून येणारा थकवा वेगळाच असतो.

अशा दिवसांत बाई माझ्या आयुष्यात आल्या. खरे तर त्या महाविद्यालयात माझ्याइतक्याच जुन्या होत्या, पण आमची ओळख नव्हती. त्या पुस्तकांचे वर्गीकरण, म्हणजे कुठले पुस्तक कुठल्या आकड्याखाली लावायचे ते, शिकवत. खांद्याला दोन पिशव्या, बोटांना खडू आणि तिसऱ्या तासापर्यंत बसलेला घसा, अशा त्या होत्या. त्या वर्षी एक नवा विषय आला. त्याचे नाव होते 'संगणकीय विचार'. तो कुणी शिकवायचा, असे विचारल्यावर बाकीच्या सगळ्यांनी शिताफीने अंग काढून घेतले आणि विषय बाईंच्या गळ्यात पडला.

वर्गात नाव ऐकताच सगळ्यांचे धाबे दणाणले. शिकाऊ ग्रंथपाल म्हणाले, आम्हाला पुस्तके सांभाळायची आहेत, आम्हाला हे कशाला? शिकाऊ शिक्षक म्हणाले, आम्ही मुलांना शिकवणार, यंत्रांना नव्हे. बाईंनी त्यांना संगणकाच्या खोलीत नेले. तिथले अर्धे संगणक आजारी आणि उरलेल्यांसमोर सगळे हात मांडीवर ठेवून गप्प. कुणी कळेला बोट लावायला तयार नाही. दोन-तीन तास असे फुकट गेल्यावर बाई बाहेर व्हऱ्हांड्यात आल्या. त्यांनी दोन्ही पिशव्या माझ्या वरच्या फळीवर टाकल्या, माझा दांडा धरला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. दमलेले माणूस मला लगेच ओळखता येते. मी जागची हलले नाही.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. मग पिशव्या उचलून खांद्याला लावल्या, माझ्यावरची मोडकी खुर्ची खाली उतरवली आणि मला ढकलत वाचनकक्षात नेले. मी डावीकडे जात होते, त्या उजवीकडे ओढत होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग माझ्याभोवती भरला. माझ्या वरच्या दोन फळ्यांवर परत आलेली पुस्तके कशीही कोंबली होती. समोर रिकामे कपाट होते. बाई म्हणाल्या, "संगणक म्हणजे काय ते सांगते. अतिशय आज्ञाधारक आणि अतिशय मठ्ठ. सांगाल तेवढंच करणार, न सांगितलेलं काही कळणार नाही. म्हणून त्याला सांगायच्या आधी आपल्याला नीट कळायला हवं, की आपण हे काम करतो तरी कसं. मोठ्या कामाचे छोटे तुकडे पाडायचे, ते क्रमाने लावायचे, कुठे अडेल ते आधीच बघायचं. एवढाच विचार आहे. संगणक नंतर बघू. आज ही गाडी."

मग त्यांनी खेळ सांगितला. एकाने यंत्र व्हायचे, दुसऱ्याने त्याला सांगायचे. यंत्राने आपले डोके वापरायचे नाही. सांगेल तसेच करायचे आणि गाडीवरची पुस्तके आकड्यांच्या क्रमाने कपाटात लावायची.

पहिली जोडी उठली ती एकाच घरातली. एक होती वहिनी आणि दुसरी तिची धाकटी नणंद. वहिनीला शाळेत ग्रंथपाल व्हायचे होते, नणंदेला शिक्षिका. नणंद वर्गभर "वहिनी, वहिनी" करत फिरायची, म्हणून सगळा वर्ग आणि पुढे बाईसुद्धा तिला वहिनीच म्हणू लागल्या. वहिनी नणंदेला धाकटी म्हणायची, म्हणून तीही सगळ्यांची धाकटी झाली. वहिनी वर्गात वयाने सगळ्यांत मोठी होती. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर ती पुन्हा शिकायला आली होती. वर्ग सुरू व्हायच्या आत टेबलावरची धूळ पुसलेली असे, फळा स्वच्छ असे, आणि ते कुणी केले ते कुणाच्या लक्षातही येत नसे.

धाकटी यंत्र झाली. ताठ उभी राहून तिने नजर समोर लावली.

"पुस्तक घे," वहिनी म्हणाली.

"कुठलं?"

"कुठलंही घे गं."

"कुठलंही कुठे असतं?" यंत्राने विचारले.

वर्ग हसला. वहिनीने बोट दाखवले. "बरं, हे पहिलं घे. आणि जागेवर ठेव."

धाकटीने पुस्तक उचलले आणि होते तिथेच, माझ्या फळीवर, परत ठेवले.

"अगं, जागेवर!"

"इथूनच तर उचललं. हीच त्याची जागा."

वहिनीचा धीर सुटला. तिने झटकन ते पुस्तक घेतले, दुसरे घेतले, तिसरे घेतले, आणि कुणाला काही कळायच्या आत पाच-सहा पुस्तके कपाटात अगदी बरोबर लावून टाकली. "हे बघ, असं," ती म्हणाली.

"छान लावलीत," बाई म्हणाल्या. "पण आता तुम्हीच यंत्र झालात. सांगणारं कुणी उरलंच नाही."

मित्रांनो, पुढचे कितीतरी दिवस हेच होत राहिले. वहिनीला यायचे सगळे, सांगायला काही जमायचे नाही. तिच्या घरात सगळे तिला कामे सांगत, आणि न सांगितलेलीही ती करत असे. पण तिने कुणाला काम सांगितले आहे, असे कधी झालेच नव्हते. सांगत बसण्यापेक्षा करून टाकलेले बरे, हा तिचा खाक्या होता. माणसे वाईट नव्हती. सासू मायेची होती, नवरा शांत होता, सासरे तर सुनेच्या शिक्षणाचे कौतुक शेजाऱ्यांना ऐकवत. पण घरात काय कुठे आहे आणि काय केव्हा लागते, हे सगळे एकट्या वहिनीच्या डोक्यात होते.

त्यामुळे तास सुरू असताना तिचा फोन माझ्या वरच्या फळीवर थरथरायचा. त्या थरथरीने माझे सगळे अंग खुळखुळे. घरून कुणीतरी विचारत असे. बाबांच्या गोळ्या कुठे आहेत? मुलीचा गणवेश कुठे ठेवलास? लायटर सापडत नाही. वहिनी तोंडावर हात धरून हळूच म्हणायची, "राहू द्या, शोधू नका. मी येऊन देते." मग पिशवी उचलायची आणि जायची. बाई तिच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायच्या. हजेरी कमी पडत चालली होती, आणि सत्र संपताना प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होते. त्यात नापास म्हणजे पुढच्या सत्राला प्रवेश नाही, आणि शाळेतली नोकरी तर दूरच.

एकदा मात्र वहिनीला एक गोष्ट सुचली. सगळे जण एकेक पुस्तक उचलून संपूर्ण कपाट धुंडाळत होते आणि मी तासभर तिष्ठत होते. वहिनी म्हणाली, "बाई, मी घरी कपड्यांच्या घड्या घालताना आधी माणसांप्रमाणे ढीग करते. बाबांचा, ह्यांचा, मुलीचा. मग एकेक ढीग घेऊन त्यातलं लावते. इथे आधी शेकड्यांप्रमाणे, पाचशेची वेगळी, सहाशेची वेगळी, असे ढीग केले तर?" बाईंचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला. "वहिनी, हाच तो विचार," त्या म्हणाल्या. "बाहेरून आणायचा नाहीये. तुम्ही रोज करता ते फक्त तुम्हाला दिसायला हवं." वहिनी लाजून धूळ पुसायला लागली.

परीक्षेच्या आधी बाईंनी सराव घेतला. सांगणारी वहिनी, यंत्र धाकटी. या वेळी वहिनी बरीच सावरली होती. वरची फळी, डावीकडचे पहिले पुस्तक, पाठीवरचा आकडा वाच, शेकड्याप्रमाणे ढीग कर, मग प्रत्येक ढिगात लहान आकडा आधी आणि मोठा नंतर. धाकटी मुकाट्याने करत होती. एका ढिगात दोन पुस्तके होती, एकाच्या पाठीवर ५२३.१५ आणि दुसऱ्याच्या पाठीवर ५२३.२. इथे नवखी माणसे हटकून चुकतात. टिंबानंतरचे पंधरा आणि दोन असे वाचतात आणि दोन लहान म्हणून आधी लावतात. खरे तर टिंबानंतर एकेक आकडा बघायचा असतो. एक हा दोनच्या आधी, म्हणून १५ वाले पुस्तक आधी. वहिनीला हे पाठ होते, पण ती सांगायला विसरली होती.

धाकटीने दोन्ही पुस्तके हातात घेतली. क्षणभर थांबली. वहिनीकडे पाहिले आणि ५२३.१५ आधी लावले.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे यंत्राला कुणी सांगितलं?"

"बाई, ते तर सगळ्यांनाच माहीत असतं."

"सगळ्यांना माहीत असलेलं यंत्राला काहीही माहीत नसतं. तू डोकं वापरलंस."

"बरोबरच लावलंय ना पण!"

"पुस्तक बरोबर लागलं. सांगणं चुकीचं होतं, आणि ते तू झाकलंस." बाईंचा घसा बसला होता, आवाज फाटला. "परीक्षेत यांच्यासमोर तू नसणार आहेस. आज परीक्षा असती, तर या नापास झाल्या असत्या."

तास संपला. सगळे गेल्यावर वहिनी मला ढकलत व्हऱ्हांड्यात आली. धाकटी रुसून मागून येत होती. वहिनी माझा दांडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "धाकटे, मी सोडते हे सगळं. मला जमायचं नाही. घरी माझ्यावाचून अडतं, आणि इथे माझं अडतं. तू शिक, मी घर बघते."

"सोड खुशाल!" धाकटी भडकली. "मी तुला वाचवायला गेले आणि बाईंनी मलाच झापलं. तू जरासं विसरलीस, मी जरासं सावरलं, त्यात एवढं काय बिघडलं?"

वहिनीने पदराने माझी वरची फळी पुसली. मग हळूच म्हणाली, "तू आज माझ्यासाठी केलंस ना, ते मी घरात रोज सगळ्यांसाठी करते. म्हणून कुणाला काही येत नाही, आणि मला कुठे जाता येत नाही."

धाकटी जवळ आली. ती माझ्या दुसऱ्या बाजूला टेकली. दोघी तशाच उभ्या राहिल्या आणि मी दोघींचे वजन धरून होते. त्या संध्याकाळी मला ते जड वाटले नाही.

त्यानंतर घरी काय चालले होते ते मला धाकटीकडून कळायचे. ती सगळ्या वर्गाला रंगवून सांगायची. वहिनीने घर कपाटासारखे लावायला घेतले. बाबांच्या सकाळच्या गोळ्या खणात डावीकडे, रात्रीच्या उजवीकडे, स्वयंपाकघरातले डबे ठरल्या क्रमाने, आणि ती स्वतः काहीच काढून देईना. शेजारी उभी राहून फक्त सांगे. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच घरात मला डबे शिकवतेस होय?" आणि एक दिवस अबोला धरला. धाकटीच्या दादाला दूध तापवायला सांगितले, तर ते उतू जाऊन ओट्यावरून खाली आले. तो शेजारीच उभा होता. "कधी बंद करायचं ते कुठे सांगितलंस?" तो म्हणाला. पूर्वीची वहिनी म्हणाली असती, राहू द्या, मी करते. या वेळी तिने कपाळावर हात मारला, फडके त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "चूक माझी. आता पुसा. मग परत तापवा, आणि वर येताना दिसलं की बंद करा." वर्ग खो खो हसला. वहिनी मात्र हसली नाही. सांगण्याने ती करण्यापेक्षा जास्त दमत होती, हे मला तिच्या हाताच्या पकडीवरून कळायचे.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक उंच, वयस्कर, कपाळावर कायमची आठी असलेले गृहस्थ होते. वहिनीची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "यंत्र मी होतो."

वहिनीच्या तोंडचे पाणी पळाले. आयुष्यात तिने घराबाहेरच्या वडीलधाऱ्या माणसाला साधे खुर्ची सरकवा असेही म्हटले नव्हते. ती पुटपुटली, "सर, जमलं तर जरा ते पुस्तक घेता का?"

परीक्षक तसेच उभे. "जमलं तर म्हणजे केव्हा? जरा म्हणजे किती?"

दारात उभ्या असलेल्या धाकटीने डोळे मिटून घेतले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांची बोटे पिशवीचा पट्टा पिळत होती. मला वाटले, झाले, आता ही हातातले सगळे टाकून स्वतःच पुस्तके लावायला लागणार. तिचा हात पुढे आलासुद्धा. तो पुस्तकाजवळ आला, थांबला आणि माझ्या दांड्यावर येऊन टेकला. दांडा ओला झाला.

"वरच्या फळीवरचं डावीकडचं पहिलं पुस्तक उचला," वहिनी म्हणाली. आवाज लहान होता, पण शब्द सुटे होते. "पाठीवरचा आकडा बघा. शेकड्याप्रमाणे टेबलावर ढीग करा. पाठीवर आकडाच नसेल, तर पुस्तक गाडीच्या खालच्या फळीवर आडवं ठेवा. असंच एकेक पुस्तक घ्या, वरची फळी संपली की मधली. दोन्ही रिकाम्या झाल्या की ढीग करणं थांबवा."

परीक्षकांनी मुद्दाम दोन-तीन पुस्तकांच्या पाठीवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या होत्या. त्यांना प्रत्येक वेळी खालच्या फळीपर्यंत वाकावे लागले. त्यांची हाडे वाजली. मग ढीग लावायची वेळ आली.

"लहान शेकड्याच्या ढिगापासून सुरू करून पुस्तकं कपाटात डावीकडून उजवीकडे लावा. टिंबाच्या आधीचा आकडा लहान, ते पुस्तक आधी. तो सारखाच असेल, तर टिंबानंतरचा फक्त पहिला आकडा बघा. तोही सारखा असेल, तर त्याच्या पुढचा. एकाचे आकडे आधी संपले, तर ते पुस्तक आधी. पंधरा, वीस असं वाचू नका. एकेकच वाचा."

शेवटचे पुस्तक कपाटात गेले. परीक्षकांनी क्रम वरपासून खालपर्यंत बोट फिरवून तपासला, खुर्चीत बसले आणि कंबर चेपत म्हणाले, "पुढच्या वेळी खालची फळी नको." त्यांच्याकडून एवढीच शाबासकी मिळणार होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. धाकटी आत धावत आली आणि वहिनीला मिठी मारताना तिचा पाय माझ्या चाकावर आपटला. तिला लागले, पण तिने मला शिवी दिली नाही.

वहिनी पुढच्या सत्राला आली. आता बाई वर्गाला पुन्हा संगणकाच्या खोलीत नेत होत्या, आणि तिथून कळांचा आवाज व्हऱ्हांड्यापर्यंत यायचा. माझ्याभोवती जे शिकले, ते सगळे आता संगणकाला सांगत होते. त्या सत्रात प्रत्येक शिकाऊ ग्रंथपालाला एक पूर्ण दिवस एकट्याने वाचनालय चालवायचे असे. वहिनीचा दिवस आला. धाकटी एका शाळेत पाठ घ्यायला गेली होती.

सकाळी वहिनीने फोन माझ्या वरच्या फळीवर ठेवला आणि कामाला लागली. पुस्तके घेतली, दिली, मला भरले, मला ढकलले. मधूनमधून ती फोनकडे बघायची. फोन गप्प होता. बाबांच्या गोळ्यांची वेळ झाली, मुलीची शाळेत जायची वेळ झाली, फोन वाजला नाही. तिने तो उचलून पाहिला. बंद पडलेला नव्हता. तिने तो पुन्हा ठेवला. दुपारी वाचनालय रिकामे झाले, तेव्हा ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "एकदाही नाही." तिचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, मला बोलता येत असते, तर मी तिला म्हटले असते की बाई गं, मला हे ठाऊक आहे. पाठीवर ओझे असते तेव्हा कधी एकदा उतरेल असे होते, आणि उतरले की आपण कुणाला नको झालो असे वाटते. तिने याच दिवसासाठी जिवाचे रान केले होते. घर अडले नाही, आणि तिला त्याचेच रडू येत होते. पदराने डोळे पुसून ती उठणार, इतक्यात फोन थरथरला.

तिने झडप घालून उचलला. "बोला आई. काय सापडत नाहीये?"

पलीकडून सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "सापडतंय सगळं. काही नको होतं गं. दुपार झाली, तू जेवलीस का, ते विचारायला केला."

वहिनीने डब्याच्या पिशवीकडे पाहिले. मग ती म्हणाली, "नाही अजून."

"मग ठेव ती पुस्तकं खाली. आधी जेव."

वहिनीने माझ्यावरची पुस्तके तशीच राहू दिली. डबा काढला आणि सावकाश जेवली. पहिल्यांदाच मी तिला घाई न करता जेवताना पाहिले. मी भरलेली होते, माझी कंबर दुखत होती, आणि तरी तिचे जेवण लवकर आटपावे असे मला अजिबात वाटले नाही.

मित्रांनो, मी आता फार बोलत नाही. ज्याच्यावाचून तुमचे अडते, त्याची आठवण तुम्हाला येतेच. हाक मारता, शोधता, फोन करता. पण काहीही सापडायचे राहिलेले नसताना, सगळे सुरळीत चाललेले असताना, एकदा त्याला विचारा. मला विचारू नका. मी पत्र्याची आहे, माझे चालून जाईल. मला ढकलणाऱ्या माणसांना विचारा, की तुम्ही जेवलात का.